बिनभोकाचं बटण

माझ्या अंगावर एक ते साठ असे आकडे छापले आहेत. त्यातला पहिला आता वाचता येत नाही. बोटं लागून लागून तो पुसला गेला. मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती, मापं घेण्याची.

ज्या कारखान्यात मी तयार झाले तिथे एका दिवसात आम्ही हजारेक बहिणी जन्मलो. पिवळं अंग, काळे आकडे, दोन्ही टोकांना पितळी पत्रे. सगळ्यांची लांबी तंतोतंत सारखी, म्हणून आमच्यात हेवादावा नव्हता. हेवा कसा असतो ते मला पुढे माणसांच्या कमरा मोजताना कळलं.

बंगळूरच्या शिवाजीनगरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत गुंडूमास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. त्यांनी मला आणलं त्या दिवशी गळ्यात घालण्याआधी कापायच्या टेबलावर पसरलं, लोखंडी पट्टीशी लावून दोन्ही बाजूंनी तपासलं आणि म्हणाले, "सरी." सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक. मास्तरांच्या तोंडची ही सगळ्यात मोठी शाबासकी. तो शब्द मी पुन्हा ऐकला तो सहा महिन्यांनी, आणि तोही एका कोटाच्या कॉलरला.

मास्तरांचे आजोबा विजापूरकडून इथे आले. घराणं भावसारांचं. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि गिऱ्हाइकाशी त्याची जी असेल ती भाषा. कापण्याचं काम मास्तरांचं. काजं, बटणं, तुरपाई आणि मापवही त्यांच्या बायकोकडे, ठकुबाईंकडे. ठकुबाईंच्या हातातली सुई आणि तोंडातली जीभ यांत जास्त टोकदार कोण, हे मला तेरा वर्षांत ठरवता आलेलं नाही.

माणसं मोजायला मी मास्तरांकडून शिकले. पुरुष कमरेचं माप देताना पोट आत ओढतात. वकील ओढतो, पुजारी ओढतो, कराटे शिकवणारा तर श्वासच घेत नाही. मास्तर काही बोलत नसत. मला कमरेभोवती सैल धरून हळूच विचारत, "जेवण झालं का हो?" माणूस "हो, आत्ताच" म्हणायला तोंड उघडी आणि पोट आपल्या जागी येई. तेवढ्यात माझं टोक आकड्यावर आलेलं असे. आकडा ते मोठ्यानं सांगत नसत. ठकुबाईंकडे पाहून ओठ हलवत, त्या लिहीत. आणि गिऱ्हाईक "गेल्या वर्षीपेक्षा वाढली का हो कंबर?" असं घाबरून विचारी तेव्हा मास्तर म्हणत, "नाही की. गेल्या खेपेला मीच टेप जरा आवळून धरली होती."

माझ्यावर असे शेकडो आळ आले. मी ते आनंदानं घेतले. माणसाला न लाजवता त्याचं कापड उसवून सैल करून देणं ही मास्तरांची विद्या होती. शरीर कधी चुकत नाही, चूक कापडाची, असं ते मानत.

घोटाळा एवढाच झाला, की हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला.

मी आले त्याच वर्षी मास्तरांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. लालबुंद, आणि इतका हळवा की पंख्याचा वारा लागला तरी ते ओठ चावत. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणली, तीन दिवसांत सूज उतरली, विषय संपला. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. मग चार महिन्यांनी. मास्तर म्हणत, "मशीनचं पायडल मारून मारून होतंय." त्यांनी कात्रीनं चपलेचा पट्टा कापला, दोन बोटं रुंद केला. उसवून सैल केलं.

मग गाठी आल्या. कानाच्या पाळीच्या वरच्या कडेला एक, वाटाण्याएवढी. "तिथं पेन्सिल अडकवतो ना मी." कोपरावर एक, लिंबाएवढी. "टेबलावर टेकून टेकून." आणि सगळ्यात मोठी उजव्या हाताच्या अंगठ्याच्या सांध्यावर. कात्रीच्या कडीत जातो तोच अंगठा. कातडीखाली पांढरं काहीतरी दिसे. ती गाठ मात्र मास्तर लोकांना दाखवत.

"खडू आहे हो," ते सांगत. "चाळीस वर्षं कापडावर खडूनं खुणा करतोय. मुरलाय आत. माझ्या वडिलांच्या हातातही होता. धंद्याची निशाणी ही."

मी रोज त्या खडूशेजारी राहणारी. तो कापडात मुरत नाही, ब्रशच्या एका फटकाऱ्यात जातो, तर बोटात कसा मुरेल? पण टेपला विचारतो कोण. आणि खरं सांगू, मास्तर ते इतक्या अभिमानानं सांगत की मलाही थोडं पटायचं.

ठकुबाईंना पटत नव्हतं. "मी चाळीस वर्षं सुई धरतेय," त्या म्हणत, "मग माझ्या बोटातून दोरा का निघत नाही?"

मास्तरांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येईनात, तेव्हा त्या रोज सकाळी ती लावून देऊ लागल्या. पुढे त्यांनी मास्तरांच्या शर्टांची काजंच मोठी केली. त्याही शिंपीणच की.

मग शंतनु आला. पुण्याचा मुलगा, महादेवपुऱ्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. लग्नासाठी त्याला बंद गळ्याचा कोट हवा होता. वय चौतीस, कंबर छत्तीस. सांगताना त्यानं चौतीस-चौतीस सांगितलं. किंचित लंगडत होता, ते मी त्याच्या पायाची उंची घेताना पाहिलं. एका पायाच्या अंगठ्याला सांभाळून उभा होता. ही उभं राहण्याची तऱ्हा माझ्या चांगल्याच ओळखीची होती.

कापड गडद निळं, लोकरी, मऊ. मास्तरांनी पुढचे दोन्ही भाग कापले, पाठ कापली. बाह्यांना हात घालणार तेवढ्यात कात्रीची कडी अंगठ्याच्या गाठीवर घासली आणि कातडी फाटली. रक्त थेंबभर आणि त्याच्यामागून पांढरा, दाट लगदा निळ्या कापडावर.

मास्तर दुखणं विसरले. "बघ!" ते ओरडले. "बघ ठकू! म्हणत होतो ना? खडू!"

"असू दे की," ठकुबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ चालूच होती. "बाहीची खूणही त्यानंच करा आता."

शंतनु नेमका कोट कुठवर आला ते बघायला दारात उभा होता. तो पुढे आला आणि त्यानं मास्तरांचा हात धरला.

"काका, सॉरी हं, पण हा खडू नाहीये. हा गाऊट आहे, सांध्यांचा आजार. तुमचं युरिक अॅसिड किती आहे?"

"कसलं काय?"

"रक्तातला आकडा. माझा नऊ होता, आता साडेपाच आहे. माझ्या काकांना हातावर अशाच गाठी होत्या. त्यांनी उपचार केले नाहीत. शेवटी त्यांना चमचा धरता येत नव्हता."

 चमच्याचं मास्तरांना काही वाटलं नसावं. त्यांची नजर कात्रीवर होती.

"बाह्या राहिल्यात," ते म्हणाले. "अर्धा कापलेला कोट माझ्या टेबलावरून कधी गेलेला नाही."

"मग नका जाऊ देऊ," शंतनु म्हणाला. "लग्नात मी कुर्ता घालीन. कोट तुम्ही कापाल तेव्हाच नेईन. पण आधी माझ्या डॉक्टरांकडे चला."

ठकुबाईंनी निळं कापड कागदात बांधून वरच्या फळीवर ठेवलं. त्या दिवसापासून आमचं सगळं लक्ष त्या पुडक्याकडे. त्या बाह्या मास्तर कापतील की ते पुडकं तसंच राहील, एवढाच प्रश्न होता.

जे. पी. नगरच्या दवाखान्यात मीही गेले, कारण मास्तर मला गळ्यातून काढायला विसरले. डॉक्टर सुप्रीता तरुण, शांत. कन्नडमध्ये बोलत होत्या. मास्तरांच्या गळ्यात राहून मलाही ती येते. त्यांनी जखम स्वच्छ केली, तो पांढरा लगदा टोकभर काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"मास्टर, तुम्हीच बघा. खडू दिसतो का?"

मास्तर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "सुया."

"कशा?"

"हातशिलाईच्या. बारीक. हजारो आहेत."

"हे युरिक अॅसिडचे स्फटिक. तुमच्या मूत्रपिंडातून ते पुरेसं बाहेर जात नाही, रक्तात साठतं आणि सांध्यात, कानात, कोपरावर असं जमतं. हा दोष बहुधा जन्माचा. वडिलांच्या हातात होतं म्हणालात ना? तेही हेच असणार. पायडलचा, पेन्सिलीचा, कुणाचाच गुन्हा नाही. सूज यायची तेव्हा तुम्ही दुखण्याची गोळी घेतलीत. दुखणं गेलं. सुया राहिल्या."

मास्तरांचा हात माझ्यावर आला. गोंधळले की ते मला कुरवाळतात.

रक्ताचा आकडा आला दहा पूर्णांक दोन. गाठी विरघळायच्या तर तो पाचाच्या खाली हवा आणि खालीच राहायला हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मूत्रपिंड तपासलं. रोजची एक गोळी दिली, आधी लहान. दर महिन्याला रक्ताचं माप घेऊन वाढवायची. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच यायचं. सोबत एक छोटी गोळी पहिले सहा महिने, कारण गाठी विरघळू लागल्या की सुरुवातीला सूज उलट जास्त येऊ शकते.

"हे नीट ऐका," त्या म्हणाल्या. "सूज आली तर फोन करायचा. रोजची गोळी सोडायची नाही."

"मटण सोडलं तर?" ठकुबाईंनी विचारलं.

"कमी करा, बिअर बंद, पाणी भरपूर. पण नुसत्या पथ्यानं एवढ्या गाठी जाणार नाहीत, अक्का."

"कापून काढा की मग," मास्तर म्हणाले. कापणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

"गरज पडली तरच. ह्या गोळीनं जातील. वर्ष-दीड वर्ष लागेल."

"दीड वर्ष!"

"बारा-तेरा वर्षं आत शिलाई चाललीय मास्टर. उसवायला एवढा वेळ द्या."

मास्तर पहिल्यांदा हसले. ही बाई आपल्या भाषेत बोलते, असं त्यांना वाटलं असावं.

घरी आल्यावर ठकुबाईंनी मापवही काढली. नवं पान. वर लिहिलं, 'गुंडू मास्तर, अंगठा'. मला सांध्याभोवती गुंडाळलं. सव्वाचार इंच. दर महिन्याच्या एक तारखेला माप घ्यायचं ठरलं. मास्तरांनी पोट आत ओढावं तसा अंगठा आवळून पाहिला. ठकुबाईंनी विचारलं, "जेवण झालं का हो?"

इथपर्यंत सगळं छान. दुकानही थांबलं नाही. मास्तर खडू दोन बोटांत धरून खुणा करत आणि ठकुबाई कात्री चालवत. पहिली विजार त्यांनी कापली तेव्हा मास्तर डोळे मिटून बसले होते. कापून झाल्यावर त्यांनी कड बोटानं चाचपली. "सरी," म्हणाले. लग्नाच्या तीस वर्षांत ठकुबाईंना मिळालेला पहिला सरी.  त्या दिवशी संध्याकाळी दुकानात बदाम हलवा आला.

दुसऱ्या महिन्यात सूज आली. गुडघ्याला, पूर्वी कधी नव्हती तशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच झालं, पण सांगितलेलं आठवायला दुखणं थांबावं लागतं. मास्तरांच्या मनानं निकाल दिला, ही गोळीच बाधली. गोळी घेत नव्हतो तेव्हा निदान गुडघा तरी बरा होता.

ते कुणाला काही बोलले नाहीत. सकाळी ठकुबाई गोळी कागदात बांधून देत. "दुकानात गेल्यावर नाष्ट्यावर घेतो," असं सांगून ते साडेनऊला येत. ठकुबाई स्वयंपाक आटोपून अकराला येत. मधल्या दीड तासात दुकानात फक्त मास्तर आणि मी. मास्तर कागद उघडत, गोळीकडे बघत आणि ती पांढऱ्या बटणांच्या डब्यात टाकत.

फेकत का नव्हते, असं विचाराल. मित्रांनो, बोटभर चिंधीही ज्यानं कधी फेकली नाही, तो माणूस औषध कसं फेकेल? तेरा वर्षांत मला पहिल्यांदाच मास्तरांचा राग आला. मी मोजत राहिले. सात, अकरा, एकोणीस. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

एक तारीख आली. ठकुबाईंनी माप घेतलं. सव्वाचार. मागच्या महिन्यात त्यात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरलं होतं. तेही परत आलेलं. त्यांनी मला झटकलं, पुन्हा गुंडाळलं. तेच. मग त्यांनी एका शर्टाला बटणं लावायला घेतली. डब्यात हात घातला, एक बटण काढलं, सुई लावली. सुई आत जाईना. बटण उलटं करून पाहिलं. मधोमध एक रेघ, पण भोक एकही नाही.

त्यांनी डबा टेबलावर पालथा केला आणि भोकाची आणि बिनभोकाची अशी बटणं वेगळी करत गेल्या. मास्तर समोर उभे.  बिनभोकाची तेवीस निघाली. माझाही हिशेब तेवीसच होता.

"अहो मास्तर," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता आणि त्यामुळेच मी घाबरले. "तुमची चप्पल सैल केली, मी बोलले नाही. शर्टाची काजं मोठी केली, ती मीच केली. रोज सकाळी तुमची बटणं लावते, त्याचंही काही नाही, मरेपर्यंत लावीन. पण हे बटण मी कुठं लावू, सांगा. ह्याला दोरा ओवायला जागाच नाही."

मास्तर खाली बसले. "भ्यायलो गं," ते म्हणाले. "गुडघापण गेला तर? उभं राहून कापतो मी."

"मग मला सांगायचं की. गिऱ्हाइकाला खोटं माप सांगता ते त्याची लाज राखायला. माझ्यापुढं कसली लाज?"

त्यांनी वरच्या फळीवरचं पुडकं काढून मास्तरांसमोर ठेवलं. "विजार मी कापीन. सदरा कापीन. ह्या बाह्या मी कापणार नाही. त्या तुमच्या."

त्याच दिवशी फोन झाला. डॉक्टर रागावल्या नाहीत. रक्ताचा आकडा पुन्हा साडेनवावर गेला होता. "उसवताना कापड ओढलं जातंच ना मास्टर? म्हणून उसवणं अर्ध्यात सोडतं का कुणी?" त्यांनी पुन्हा लहान गोळीपासून सुरुवात करून दिली. ठकुबाई आता साडेनऊलाच दुकानात येऊ लागल्या आणि स्वयंपाक दुकानातून परत गेल्यावर करू लागल्या.

मग काही नाट्यमय घडलं नाही. खरं सांगायचं तर त्याच दिवसांबद्दल मला मास्तरांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. कोट चांगला शिवणारे पुष्कळ आहेत. काहीही दुखत नसताना रोज सकाळी गोळी घेणारा माणूस मी तरी हा एकच जवळून पाहिला. आणखी दोनदा सूज आली, दोन्ही वेळा त्यांनी फोन केला आणि गोळी चालू ठेवली. आकडा आठ झाला, साडेसहा झाला. नवव्या महिन्यात चार पूर्णांक आठ. गाठी मात्र आपल्या वेगानं. सव्वाचारातून एक सूत. दोन महिने काहीच नाही. मग दोन सूत. कानावरचा वाटाणा आधी गेला. पेन्सिल तिथेच असते अजून.

ह्याच काळात माझं आयुष्य संपत आलं. एका गिऱ्हाइकाची विजार कमरेत घट्ट झाली. मास्तरांनी मला लोखंडी पट्टीशी लावलं. मी सैल झाले होते, साठ इंचांत अर्धा इंच. सैल टेप माणसाला आहे त्यापेक्षा बारीक दाखवते. गिऱ्हाइकं खूश, कपडे घट्ट. इतकी वर्षं खोटे आळ घेतले, शेवटी एक खरा ठरला. मास्तरांनी नवी टेप आणली आणि मला खिळ्याला टांगलं. मी सुकलेल्या वेलीसारखी तिथे लोंबले. अंगावर धूळ बसली. मला वाटलं, आता एक दिवस केरात.

पण एक तारखेला ठकुबाईंनी नव्या टेपकडे हात नेला तेव्हा मास्तर म्हणाले, "ती नको. जुनीच घे."

"ती सैल झालीय म्हणालात की."

"साठात अर्धा इंच. चार इंचांत काय फरक पडतो? आणि हिला माझा अंगठा ठाऊक आहे."

सोळाव्या महिन्यात माप भरलं सव्वातीन. मास्तरांनी कात्री उचलली. अंगठा कडीत घातला. गेला, सांध्यापाशी किंचित अडला आणि गेला. ठकुबाईंनी पुडकं सोडलं.  निळ्या कापडात कात्री चालली तेव्हाचा तो एकसंध, लांब आवाज मी खिळ्यावरून ऐकला. दोन्ही बाह्या एका दमात.

कोट कच्चा जोडून झाल्यावर शंतनुला फोन गेला. तो आला, लंगडत नव्हता, सोबत त्याची बायको प्रमोदिनी. नव्या टेपनं पुन्हा माप घेतलं. कंबर आता अडतीस. "काका, मी जाड झालो का हो?" त्यानं विचारलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही की. तेव्हा ती जुनी टेप होती." मग त्यांनी पुढचे भाग उसवून कमरेत सैल केले. ठकुबाईंनी बटणं लावली. प्रत्येक बटण उजेडात धरून, भोकं बघून.

मित्रांनो, मास्तरांचा अंगठा अजून पूर्वीसारखा झालेला नाही. कोपरावरची गाठ सुपारीएवढी उरली आहे. गोळी रोज चालू आहे आणि चालूच राहणार. आकडा खाली आला म्हणून सोडली की सुया पुन्हा जमतात. आता दुकानात कुणी सुजलेला अंगठा सांभाळत उभा राहिला, तर मास्तर त्याला कमरेआधी दुसराच आकडा विचारतात. तुमच्या घरीही कुणी चपलेचा पट्टा कापत असेल, काजं मोठी करत असेल, दुखण्याला हळूहळू जागा करून देत असेल, तर त्याला हसू नका. त्याचा हात धरून एकदा माप घ्यायला न्या.

आणि जुनी टेप सैल झाली म्हणून टाकू नका. मी आता महिन्यातून एकदाच खिळ्यावरून उतरते. साठ इंचांचं माझं अंग, त्यातले सव्वातीन इंच तेवढे कामाला येतात. मागच्या एक तारखेला मास्तरांनी मला अंगठ्याभोवती गुंडाळलं तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं लावलेली होती. गळ्यापासून खालपर्यंत, सगळी. ठकुबाई आदल्या दिवसापासून गावाला गेल्या होत्या.

ती त्यांनी स्वतः लावली होती.